काकू, त्या पाकिटाबद्दल

काकू, सा. न. वि. वि.

त्या रविवारी मी तुमचे नीट आभारही मानले नाहीत. तुमच्या टेबलापाशी आणखी दोघं ताटकळत उभे होते, माझा घसा दाटून आला होता, आणि मी नुसतं "येतो" म्हणून निघालो. आठवडा उलटून गेला, तरी ते नाण्याचं पाकीट रोज संध्याकाळी काढून बघतोय. म्हणून आज चारचौघांत लिहितो.

तुमच्याकडे आलो तेव्हा जुनी नाणी जमवण्याच्या या छंदावरून माझं मन उडालं होतं, हे तुम्हाला कळलं असेल की नाही, माहीत नाही. माझं पहिलं ग्रीक नाणं मेसेंब्रियाचं, काळ्या समुद्राकाठच्या शहराचं. एका बाजूला समोरून दिसणारं शिरस्त्राण, दुसऱ्या बाजूला चार आऱ्यांचं चाक. नखाएवढी चांदी, पण महिनाभर पैसे बाजूला काढून घेतली होती. मनात शंका आली म्हणून विकणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "एवढ्या पैशांत आणखी काय हवंय तुम्हाला?" दुसऱ्या एका जाणकार म्हणवणाऱ्या गृहस्थांनी तर ते हातातही घेतलं नाही. स्वस्तातल्या मालासाठी त्यांना वेळ नव्हता. 1988 साली याच शहराच्या नाण्यांचा ढीग बाजारात आला आणि ती खरी की खोटी यावरून तज्ज्ञांत चांगलीच जुंपली होती. त्या गृहस्थांना हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

आणि मग लंडनच्या त्या गर्दीत, नाण्यांच्या ट्रे मांडलेल्या टेबलामागून, कुणाला तरी फोनवर "आमटी फ्रीजमध्ये आहे गं, गरम करून घे" असं सांगणारा आवाज कानावर पडला. मी तसाच वळलो.

तुम्ही आधी माझं मेसेंब्रिया पाहिलं. काही न बोलता तुमच्या पेटीतलं एक खरं नाणं काढून दोन्ही शेजारी मखमलीवर उभी धरलीत. "चित्र बघू नकोस, कड बघ." खऱ्याच्या कडेला बारीक चिरा होत्या, हातोड्याच्या घावाने चांदी फाकते तशा. माझ्या नाण्याची कड गुळगुळीत, आणि एका जागी कानशीने घासल्याची रेघ. साच्यात ओतलं की दोन भागांची शिवण राहते, ती घासून काढलेली. पाच मिनिटंही लागली नाहीत. वाईट वाटलं, पण खरं काय ते कळल्यावर मन हलकंही झालं.

मग मी भीतभीतच दुसरं काढलं. पंचेचाळीस पौंडांचं, पाकिटावर फक्त "ग्रीक, चांदी" लिहिलेलं. काकू, ते काय आहे हे तुम्ही बघताक्षणीच ओळखलं होतंत. मला ते नंतर कळलं. पण तुम्ही नाव सांगितलं नाहीत. भिंग माझ्या हातात दिलंत आणि गप्प बसलात.

"सिंहासनावर बसलेली बाई," मी म्हणालो.

"सिंहासन खालून असं वर वळतं का रे?"

मी पुन्हा पाहिलं. जहाजाची मागची बाजू! त्यावर बसलेली अप्सरा. तिच्या कडेने झिजलेली अक्षरं. एक उभी रेघ, मग एक ओळखीची आकृती. "हे तर आमचं बेरजेचं चिन्ह!" मी जवळजवळ ओरडलोच. सिग्मा, गणितातला Σ, ग्रीकांचा 'स'. मग टाऊ, म्हणजे 'त', मग परत उभी रेघ, म्हणजे 'इ'. हिस्तिआइआ, युबोइया बेटाच्या उत्तर टोकाचं शहर. होमरने जिला द्राक्षांची नगरी म्हटलं, म्हणून पुढच्या बाजूच्या मुखड्याच्या केसांत वेलीची पानं. चार ओबोलांचं नाणं, भरपूर पाडलं गेलं, म्हणून आजही माझ्यासारख्याला परवडतं. ओबोल म्हणजे मुळात लोखंडी सळई, आणि सहा सळया मुठीत मावतात ती ड्राख्मा, हे तुम्ही सांगितलंत. आपला "दाम" त्याच शब्दाचा वंशज. हे ऐकताना ते दोन-सव्वादोन ग्रॅम माझ्या तळहातावर होते.

तुम्हाला दुकान होतं, गिऱ्हाईक होतं. मी तुमच्याकडून एक पेनीचं काही घेतलं नव्हतं, घेणार नव्हतो, आणि तुम्ही ते विचारलंही नाहीत. ज्ञान असलेली माणसं मला पुष्कळ भेटली. आपलं ज्ञान बाजूला ठेवून समोरच्याला शोधू देणारी फार थोडी. अशी माणसं आहेत म्हणूनच नवखे लोक या वाटेवर टिकतात, नाहीतर पहिल्या फसवणुकीलाच पेटी बंद करून माळ्यावर टाकतात.

आणि ते पाकीट. निघताना तुम्ही कोरं पाकीट घेतलंत, शाईच्या पेनाने, देवनागरीत, शहराचं नाव आणि वजन लिहिलंत. खाली "ओळखणारा" असं लिहून पुढे माझं नाव घातलंत. तुमचं नाही. मी "अहो काकू" म्हणेपर्यंत तुम्ही फुंकर मारून शाई वाळवलीही होती.

मेसेंब्रिया मी फेकलं नाही. त्याच पेटीत, कड दिसेल असं ठेवलंय.

पुढच्या महिन्यात परत येतोय. या वेळी लेक असेल बरोबर, सात वर्षांची. तिला सिग्मा अजून माहीत नाही. भिंग तिच्या हातात द्याल ना?

तुमचा कृतज्ञ,
मेसेंब्रियावाला