पैसे गिटारच्या नेकवर घाला, पेडल घरी जोडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की शहरातल्या वाद्यांच्या दुकानांत आई-वडिलांसोबत इलेक्ट्रिक गिटार बघायला आलेली मुले दिसू लागतात. गिटार, छोटा अ‍ॅम्प, केबल आणि पट्टा असा ‘कॉम्बो’ रंग बघून घेतला जातो, उरलेल्या पैशांत एखादे चमकदार पेडल (आवाज बदलणारा, पायाने चालवायचा डबा) येते. काही महिन्यांत गिटार कपाटावर जाते आणि चिकाटी नाही म्हणून मुलाला बोलणी बसतात. पुष्कळदा दोष त्याच्या बोटांचा नसतो, नटचा असतो.

नट म्हणजे नेकच्या (गिटारच्या लांब दांड्याच्या) टोकाची, तारा जिच्या खाचांतून जातात ती पांढरी पट्टी. स्वस्त गिटारींत या खाचा कमी खोल ठेवलेल्या असतात, कारण जास्त घासल्या गेल्या तर कारखान्याला नट बदलावा लागतो. तार उंच राहिली की पहिल्या दोन-तीन फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) जोर लावून दाबावी लागते. दाबताना ती ताणली जाते आणि सूर चढतो. एफ कॉर्ड (एका बोटाने अनेक तारा दाबून वाजवायचा स्वरसमूह) दुखतो तो इथेच, आणि सूर लावलेली गिटारही तिथे बेसूर वाजते ती याच कारणाने. याची परीक्षा सोपी आहे. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटच्या वर किती फट राहते ते पाहा. केसाएवढी दिसली तर उत्तम. स्पष्ट दिसण्याइतकी मोठी असेल तर खाच घासून घ्यावी लागेल. हे काम जाणकाराकडे अर्ध्या तासाचे आहे आणि गिटारच्या किमतीपुढे त्याचा खर्च फारच थोडा.

साधारण पंधरा ते वीस हजारांत स्क्वायर, यामाहा पॅसिफिका, आयबानेझ जिओ या मालिकांतल्या गिटारी येतात. त्या चांगल्या आहेत, पण एकाच मॉडेलच्या दोन गिटारींत फरक असतो, म्हणून हातात घेतल्याशिवाय निवड करू नये. अ‍ॅम्पला न जोडता प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. एखाद्या जागी आवाज मेला किंवा तार खरखरली तर पुढचा एखादा फ्रेट उंच आहे. नेकच्या दोन्ही कडांवरून तळवा फिरवा, फ्रेटची टोके टोचायला नकोत. मोबाइलवरच्या ट्यूनरने बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसते टेकवून वाजवलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर जुळतो का पाहा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल (बॉडीवरचा तारेचा टेकू) मागे घ्यावी लागते, उतरता असेल तर पुढे. सॅडलला तेवढी जागा शिल्लक आहे ना, हेही बघून घ्या. बाराव्या फ्रेटपाशी तारेची उंची दीड ते दोन मिलिमीटर असावी आणि तारांचा पहिला संच 9-42 चा (जाडी इंचाच्या हजारांश भागांत) लावावा. बॉडीचे लाकूड पॉपलर की बासवुड, या चर्चेत वेळ घालवू नका. पिकअप (तारांचे कंपन टिपणारी चुंबकीय कॉइल) पुढे केव्हाही बदलता येतात, पीळ पडलेला नेक मात्र परवडेल अशा खर्चात सुधारत नाही.

शिकणाऱ्याने तरंगता ट्रेमोलो, म्हणजे दांडीने हलणारा ब्रिज (तारा बॉडीवर जिथे अडकतात तो भाग), टाळावा. त्यात स्प्रिंग आणि तारा यांचा ताण एकमेकांना तोलून धरतो, त्यामुळे एक तार लावली की बाकीच्या पाच हलतात. पक्का ब्रिज घ्या. ब्रिजपाशी हमबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल अशी पिकअपची मांडणी सर्वांत उपयोगी. ट्यूबलाइटचा चोक आणि पंख्याचा रेग्युलेटर यांची गुणगुण सिंगल कॉइल उचलतो. हमबकरमध्ये दोन कॉइल उलट-सुलट जोडलेले असतात, त्यामुळे ती आपसांत कटते.

नागपूरच्या हवेचा विचार तर करायलाच हवा. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात फ्रेटबोर्डचे लाकूड आक्रसते, पण फ्रेट धातूचे असल्याने तेवढेच राहतात आणि त्यांची टोके बाहेर येतात. पावसाळ्यात लाकूड फुगते, नेकचा बाक बदलतो. म्हणून वर्षातून दोनदा, होळीनंतर आणि पोळ्याच्या सुमारास, ट्रस रॉड (नेकमधली, बाक जुळवणारी सळई) तपासा. जाडी तार पहिल्या आणि सतराव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी पाव मिलिमीटर, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. जास्त असेल तर रॉड घड्याळाच्या दिशेने कसायचा, मुळीच नसेल तर सैल करायचा. एका वेळी पाव फेराच द्यावा, मग सूर लावून पुन्हा मोजावे. गिटार कूलरच्या झोतात ठेवू नका. तारा गंजतात, आणि दिवसा ओल, रात्री कोरडे असे झाले की नेक स्थिर राहत नाही.

आता पेडल. अमेरिकेतल्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीने 1960 च्या दशकाच्या अखेरीस आणलेला एलपीबी-1 हा एका ट्रान्झिस्टरचा बूस्टर (गिटारचा सिग्नल मोठा करणारे पेडल) आजही शिकणाऱ्यासाठी सर्वांत चांगला नकाशा आहे. मूळ सर्किटमधले 430 के आणि 43 के (के म्हणजे हजार ओहम) हे रेझिस्टर आपल्याकडे चटकन मिळत नाहीत. त्यांच्या जागी 470 के आणि 47 के घ्या, प्रमाण तेच राहते. 470 के नऊ व्होल्टपासून बेसला, 47 के बेसपासून ग्राउंडला, 10 के नऊ व्होल्टपासून कलेक्टरला, 390 ओहम एमिटरपासून ग्राउंडला. आत येताना बेसवर आणि बाहेर जाताना कलेक्टरवर प्रत्येकी 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे ज्यावर 104 छापलेले असते तो. शेवटी 100 के चा पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची फिरकी. ट्रान्झिस्टर बीसी549 किंवा बीसी547. सप्लायवर 100 मायक्रोफॅरड, 25 व्होल्टचा कपॅसिटर. झिरो पीसीबी (भोकांची पाटी), दोन जॅक, अ‍ॅल्युमिनियमचा डबा आणि पायाने दाबायचा थ्रीपीडीटी स्विच धरून खर्च पाच-सातशेच्या आसपास जातो. यात सर्वांत महाग वस्तू डबा आणि स्विच याच.

चुका ठरलेल्या जागीच होतात. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर बीसी547 चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे असतात. परदेशी नकाशांतल्या 2एन5088 चे पाय नेमके उलट क्रमाने येतात. नकाशा बघून बीसी547 तसाच बसवला की पेडल मुके होते. दुसरी चूक रंगांची. ट्यूबलाइटच्या उजेडात पिवळा आणि नारंगी पट्टा सारखाच भासतो, त्यामुळे 470 के आणि 47 के यांची अदलाबदल होते. प्रत्येक रेझिस्टर लावण्याआधी मल्टिमीटरने मोजा. जोडणी झाली की व्होल्टेज बघा: बेसवर सुमारे 0.8, एमिटरवर 0.2, कलेक्टरवर 4 च्या जवळपास. कलेक्टरवर आठ-नऊ व्होल्ट दिसले तर ट्रान्झिस्टर उलटा आहे किंवा बेसपर्यंत करंट पोहोचत नाही. अर्धा व्होल्ट दिसला तर ते दोन रेझिस्टर अदलले आहेत किंवा 47 के ला ड्राय सोल्डर (कच्चा सांधा) आहे. 25 वॉटचे सोल्डरिंग आयर्न पुरे. नळकामाची आम्लयुक्त पेस्ट मुळीच वापरू नका, ती पुढे तांबे खाते. स्विचच्या पायावर तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ टोक टेकवले तर आतले प्लास्टिक वितळते.

आत येणारा कपॅसिटर 0.01 चा केला तर खर्ज गाळला जाऊन सूर टोकदार होतो. पॉटच्या आधी दोन 1एन4148 डायोड उलट-सुलट ग्राउंडला जोडले की बूस्टरचे डिस्टॉर्शन (फाटका आवाज देणारे पेडल) होते. डायोडांऐवजी लाल एलईडी लावले तर आवाज मोठा आणि मोकळा मिळतो. आकाशवाणी ऐकू येऊ लागली तर बेस आणि कलेक्टर यांच्यात 47 पिकोफॅरड घाला. जॅक जिथे डब्याला टेकतो तिथला रंगही खरवडा, नाहीतर डबा ग्राउंड होत नाही.

जुन्या रेडिओंतले एसी128 हे जर्मेनियम ट्रान्झिस्टर काढून फझ (जाड, फाटक्या आवाजाचे पेडल) बनवण्याचा मोह अनेकांना होतो. त्यांचा आवाज गोड आहे यात वाद नाही. पण जर्मेनियमची गळती दर आठ-दहा अंशांमागे साधारण दुप्पट होते. जानेवारीत 25 अंशांना लावलेले बायस (ट्रान्झिस्टरचे स्थिर व्होल्टेज) मे महिन्यात 45 अंशांना टिकत नाही आणि सूर गुदमरून तुटतो. विदर्भात सिलिकॉनच बरे.

एक गोष्ट जिवाची आहे. पेडलला 9 व्होल्टचा सेंटर-निगेटिव्ह (मधला संपर्क ऋण असलेला) अ‍ॅडॅप्टर लागतो. राउटरचे अ‍ॅडॅप्टर बहुधा सेंटर-पॉझिटिव्ह असतात, त्यात सर्किट जळते, पण ते भरून निघते. अ‍ॅम्पची तिसरी पिन मात्र कधीही कापू नका. गिटारच्या तारा ब्रिजमार्गे ग्राउंडला, म्हणजे अ‍ॅम्पच्या चेसिसला जोडलेल्या असतात. घरातल्या सॉकेटला खरी अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. फेज आणि अर्थ यांच्यात सुमारे 230 व्होल्ट आले पाहिजेत.

दुकानदारांना विनंती आहे, विकण्याआधी नट, बाक आणि तारेची उंची जुळवून द्या आणि त्याचे वेगळे पैसे बिलात दाखवा, ग्राहक ते देतील. शहरातल्या पॉलिटेक्निक आणि आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागांनाही सांगावेसे वाटते, की ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरच्या प्रात्यक्षिकात हाच बूस्टर जोडायला द्या. बायस थोडे हलले की काय होते, ते विद्यार्थ्याला मीटरवर दिसेल आणि कानालाही कळेल.

आपला,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर