परदेशी पत्राला तिकीट किती? खिडकीवर मराठीत पाटी लावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझे झेरॉक्स आणि टायपिंगचे दुकान आहे. परदेशी जाणाऱ्या पाकिटांवर पत्ते छापून देणे हे आमचे नेहमीचे काम. शिवाजी विद्यापीठातून पदवी घेऊन कॅनडा-जर्मनीला निघालेली मुले येतात, लेकीची राखी परदेशी असलेल्या तिच्या भावाला पोचवायची म्हणून धडपडणाऱ्या आया येतात, नातवाला स्वतःच्या अक्षरात चार ओळी लिहिणाऱ्या आज्या येतात. पत्ता छापून झाला की सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. परवा एका आजींनी विचारले, "दादा, एवढंसं तर पाकीट हाय, त्याला तिकीट किती लावायचं?" या साध्या प्रश्नाला आपल्या शहरात खात्रीचे उत्तर सहज मिळत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

देशातल्या पत्राचे गणित बहुतेकांना पाठ आहे. वीस ग्रॅमपर्यंत पाच रुपये, तिकीट चिकटवा आणि लाल पेटीत टाका. परदेशी पत्राचे तसे नाही. पत्र कुठल्या देशाला चालले आहे, त्याचे वजन किती आणि आत काय आहे, या तिन्हींवर दर ठरतो. साधे पत्र, पोस्टकार्ड, छापील साहित्य, वस्तू असलेले पाकीट, प्रत्येकाचा हिशेब निराळा. त्यावर रजिस्टर करायचे की नाही, स्पीड पोस्टाने पाठवायचे की नाही, हे आणखी वेगळे. त्यात 1 सप्टेंबर 2025 पासून देशातले रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले. तेव्हापासून तर परदेशी रजिस्टरही बंद झाले का, असे लोक मलाच विचारू लागले आहेत.

वजनाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण खरी चूक तिथेच होते. ए-फोर आकाराचा 80 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 80 ग्रॅम वजनाचा, एक कागद पाच ग्रॅमच्या आसपास भरतो. दुकानात वापरतो तो 75 चा कागद त्याहून किंचित हलका. साधे लहान पाकीट चार-पाच ग्रॅमचे धरा. म्हणजे तीन कागद घालून पाकीट बंद केले की आपण वीस ग्रॅमच्या, म्हणजे दराच्या पहिल्या टप्प्याच्या, काठावर येऊन पोचतो. चौथा कागद घातला की पुढचा टप्पा लागू. टप्पा म्हणजे टप्पा. एक ग्रॅम जास्त झाला तरी पुढच्या टप्प्याचे पूर्ण पैसे. त्यात डिंक आला, चिकटपट्टी आली आणि खुद्द तिकिटेही आली. पावसाळ्यात आपल्याकडची हवा इतकी दमट असते की कागद ओल धरतो. काठावरचे पाकीट आषाढ-श्रावणात हमखास वर जाते. म्हणून मी काउंटरवर दशांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा ठेवला आहे आणि येणाऱ्याला सांगतो, काठावर असाल तर एक कागद कमी करा, पाठपोट छापा, नाहीतर सरळ पुढच्या टप्प्याचे तिकीट लावा.

ट्रान्सक्रिप्टच्या, म्हणजे विद्यापीठाकडून मिळणाऱ्या गुणांच्या अधिकृत नोंदीच्या, पाकिटांचा प्रकार वेगळा. विद्यापीठाचे सील असलेले ते जाड पाकीट शंभर ग्रॅमच्या पुढे सहज जाते आणि ते पोचल्याचा पुरावाही लागतो. तिथे स्पीड पोस्ट बरे, कारण परदेशी स्पीड पोस्टाचा पहिला टप्पाच अडीचशे ग्रॅमचा आहे. कागद चार जास्त झाले म्हणून काही बिघडत नाही. हे मुलांना आधी कोणी सांगत नाही. ती घाबरून थेट खासगी कुरिअरकडे जातात आणि कितीतरी जास्त पैसे मोजून येतात.

आता मुद्द्याचे. गेल्या वर्षी माझ्याकडच्या एका गिऱ्हाइकाने एकच बंद पाकीट शहरातल्या दोन वेगवेगळ्या पोस्टांत नेले. दोन्हीकडे दर वेगळा सांगितला गेला. एका खिडकीवर ते पत्र धरले, दुसरीवर वस्तूचे पाकीट. तिसऱ्या ठिकाणी "परदेशी असेल तर हेड पोस्टात जा" एवढेच उत्तर मिळाले. खिडकीवरच्या माणसाला मी दोष देत नाही. उपनगरातल्या पोस्टात परदेशी पत्र क्वचित येते, आणि संगणकात प्रकार कुठला निवडायचा यावर सगळा आकडा फिरतो. पण नेमके म्हणूनच दर समोर लिहिलेला हवा. पत्र घेऊन आलेल्या माणसाला आणि खिडकीतल्या माणसाला, दोघांनाही तो दिसायला हवा.

कमी तिकीट लागले तर भुर्दंड पाठवणाऱ्याला पडत नाही, तो पत्र घेणाऱ्याला पडतो. देशात आपण नॉटपेड म्हणतो तसाच हा प्रकार, पण त्याची रीत न्यारी आहे. कमी पैशाच्या पत्रावर इंग्रजी 'टी' अक्षराचा शिक्का मारतात आणि शेजारी एक अपूर्णांक लिहितात. वर किती पैसे कमी पडले तो आकडा, खाली ते पत्र जिथून निघाले त्या देशाचा परदेशी पत्राचा पहिल्या टप्प्याचा दर. समजा, दर चाळीस रुपये आहे आणि तीसच लावले. तर अपूर्णांक झाला दहा भागिले चाळीस. पत्र पोचले की तिथले पोस्ट स्वतःच्या पहिल्या टप्प्याच्या दराचा चौथा हिस्सा घेते आणि वर हाताळणीचा आकार लावते. दहा रुपये इथे वाचले, पण तिथे मुलाला पोस्टात जाऊन त्याहून कितीतरी जास्त भरावे लागतात. नाही भरले तर पत्र परत. आईने लिहिलेले पत्र असे परत येते तेव्हा त्या घरात काय होते, हे मी माझ्या दुकानात पाहिले आहे.

खरे तर जगाने हा सगळा गुंता दीडशे वर्षांपूर्वीच सोडवला होता. त्याआधी परदेशी पत्राला वाटेतल्या प्रत्येक देशाचा आकार वेगळा पडायचा आणि पत्र कुठल्या वाटेने जाणार त्यावर किंमत बदलायची. 9 ऑक्टोबर 1874 रोजी स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात 22 देशांनी करार केला आणि ठरवले की पाठवणाऱ्या देशाचे तिकीट लावले की ते पत्र शेवटच्या दारापर्यंत जाईल. त्यातून जागतिक टपाल संघटना (यूपीयू) उभी राहिली आणि भारत 1 जुलै 1876 पासून तिच्यात आहे. 9 ऑक्टोबर जागतिक टपाल दिन म्हणून पाळतात तो त्याच करारामुळे. स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट 21 नोव्हेंबर 1947 ला निघाले, तिरंग्याचे, साडेतीन आण्यांचे. ते परदेशी पत्रांसाठी होते. देशातल्या पत्रासाठी अशोकस्तंभाचे दीड आण्याचे तिकीट त्यानंतर आले. नव्या देशाने आपला झेंडा आधी परदेशी पाठवायच्या पाकिटावर लावला, याचा मला फार अभिमान वाटतो.

राखीचे वेगळे सांगायला हवे. राखी घातलेले पाकीट हे नुसते पत्र राहत नाही, त्यात वस्तू आहे. त्यावर सीएन 22 नावाचा कस्टमचा छोटा फॉर्म लागतो: आत काय, वजन किती, किंमत किती, आणि सही. हा फॉर्म इंग्रजी-फ्रेंचमध्ये असतो आणि श्रावणाच्या गर्दीत तो भरून द्यायला कोणाला वेळ नसतो. बायका राखीबरोबर अक्षता घालतात. ऑस्ट्रेलियासारख्या देशात धान्य-बियाण्यांचे नियम फार कडक आहेत, तिथे चार दाण्यांपायी सगळे पाकीट अडकू शकते. हळद-कुंकू, अक्षता काय चालेल आणि काय नाही, हे एका कागदावर मराठीत लिहून लावले तर कितीतरी राख्या वेळेवर पोचतील. दिवाळी अंकांचेही तसेच. नुसता अंक असेल तर तो छापील साहित्य म्हणून जातो, पण त्यात दोन ओळींची चिठ्ठी घातली की तो पत्राच्या हिशेबात येतो. हे माहीत नसल्याने लोक फसतात.

2025 साली तर अमेरिकेच्या पाकिटांची फार परवड झाली. तिथल्या सरकारने स्वस्त वस्तूंवरची करमाफी काढायचे ठरवल्यावर 25 ऑगस्टपासून आपल्या टपाल खात्याने अमेरिकेची बुकिंग थांबवली. आधी पत्रे आणि शंभर डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू चालू होत्या, ऑगस्ट संपता संपता त्याही बंद झाल्या. 15 ऑक्टोबरला सगळे पुन्हा सुरू झाले. तोवर दिवाळी आठवड्यावर आली होती. ही बातमी पेपरात आली, पण पेठांतल्या खिडक्यांवर मराठीत पाटी लागलेली मला दिसली नाही. लोक पाकीट घेऊन जायचे आणि परत यायचे.

टपाल खात्याकडे मागणे फार मोठे नाही. कोल्हापूरची पत्रे प्रामुख्याने ज्या देशांना जातात, म्हणजे आखाती देश, अमेरिका, कॅनडा, इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलिया, त्यांचे दर प्रत्येक खिडकीजवळ मराठीत लिहा आणि खाली तारीख टाका, म्हणजे तो जुना की नवा हे कळेल. वजनकाट्याचा आकडा गिऱ्हाइकाला दिसेल असा ठेवा. परदेशी दराला जुळतील अशी तिकिटे खिडकीवर ठेवा. ती संपली की तिकिटाऐवजी दर छापलेली चिठ्ठी लावतात, पण परदेशी बसलेल्या नातवाला आजीच्या पाकिटावर रंगीत तिकीट पाहायचे असते. एखाद्या देशाची सेवा थांबली किंवा सुरू झाली तर त्याच दिवशी पाटी लावा. श्रावण लागायच्या आत सीएन 22 चा मराठीत भरलेला नमुना भिंतीवर येऊ द्या. तो नमुना आणि दरपत्रक टाइप करून द्यायला मी तयार आहे, पैसे नकोत.

आपल्याकडेही एक विनंती आहे. रेल्वे-एसटीचे वेळापत्रक बदलले की आपण चौकट छापता. परदेशी टपालाचे दर बदलतील तेव्हा तशीच एक छोटी चौकट छापावी. वाचक ती कापून ठेवतील आणि आमच्यासारखे दुकानदार काचेवर लावतील.

आपला नम्र,
एक दुकानदार वाचक
राजारामपुरी, कोल्हापूर