संरक्षण अधिकाऱ्याच्या गाडीभाड्याचे काय?

महोदय,

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली लेक झोके खेळून सासरी परतते, ही आपल्या खानदेशाची रीत. पण परत जाण्याच्या नुसत्या विचाराने जिचे हातपाय गार पडतात अशी एखादी लेकही त्यांत असते, हे शिक्षिका म्हणून नोकरी करताना मी अनेकदा पाहिले आहे. आईवडील 'आणखी चार दिवस राहा' म्हणतात, आणि त्यापुढे काय करायचे हे त्यांनाही ठाऊक नसते.

कायदा आहे, आणि चांगला आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा अधिनियम २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. अर्ज आल्यावर साधारणपणे तीन दिवसांत पहिली सुनावणी ठेवावी आणि तिथून साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असे त्यात म्हटले आहे. सुनावणीची नोटीस बजावण्याचे काम या कायद्याने संरक्षण अधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा बायांच्या मदतीसाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, सोपवले असून, त्यासाठी दोन दिवसांची किंवा न्यायालयाने दिलेली वाजवी वाढीव मुदत आहे. आता नवरा धडगाव तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर राहत असेल, तर नंदुरबारहून निघून तापी ओलांडायची, सातपुडा चढायचा आणि डांबरी रस्ता संपल्यावर पावसाळ्यात पायी जायचे. घटनेचा अहवाल लिहिताना बाई पावरी या आदिवासी बोलीत बोलत असेल, तर दुभाषाही सोबत हवा. हे सारे ज्यांच्याकडे अनेक ठिकाणी दुसऱ्या पदाच्या जोडीला दिलेले असते, त्यांना जीपचे भाडे कोणी द्यायचे? मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तालुका पातळीपर्यंत संरक्षण अधिकारी नेमण्यास सांगितले, हे योग्यच झाले. मात्र आदेशात नाव आले म्हणून गाडीत डिझेल पडत नाही.

निवाऱ्याची गोष्टही अशीच आहे. निर्भया निधीतून चालणारी, हिंसाचारग्रस्त महिलांना मदत करणारी 'सखी' वन स्टॉप केंद्रे साधारणपणे जिल्ह्याच्या ठिकाणी असतात आणि तिथे तात्पुरता आसरा जास्तीत जास्त पाच दिवस मिळतो. निकालाला साठ दिवस, आसरा पाच दिवसांचा. पुढे शक्ती सदन या शासकीय योजनेतल्या महिला निवारागृहात राहण्याची सोय आहे खरी, पण ते तिच्या तालुक्यात असेलच असे नाही, आणि मुलांची शाळा सोडून दूर जाणे बहुतेक बायांना जमत नाही. अशा वेळी ती कुठे जाते, हे मी वेगळे सांगायला नको.

लाडक्या बहिणीच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये जमा होतात, याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु तीच बहीण रात्री घराबाहेर काढली गेली, तर तिच्यापर्यंत पोहोचणाऱ्या माणसाचा खर्च कोणत्या लेखाशीर्षात आहे, हेही शासनाने सांगावे. जिल्हा वार्षिक योजनेतील ३ टक्के निधी महिला व बालविकासासाठी राखून ठेवण्याचे राज्याचे धोरण आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या नियोजन समित्यांनी त्यातून संरक्षण अधिकाऱ्यांचा प्रवास, दुभाषांचे मानधन आणि तालुक्याच्या ठिकाणी निदान दोन-तीन खोल्यांचा निवारा यांसाठी स्वतंत्र तरतूद करावी, आणि गेल्या वर्षी या कामावर प्रत्यक्षात किती रुपये खर्च झाले तो आकडा समितीच्या येत्या बैठकीत जाहीर करावा.

— एक निवृत्त शिक्षिका, शहादा (जि. नंदुरबार)