खुंटी धरणाऱ्या हातास

लॅक्स्टन गावचे आदरणीय शेतकरी महोदय यांस,
स. न. वि. वि.

तुम्हांला मराठी येत नाही हे ठाऊक असूनही हे पत्र मराठीत लिहीत आहे, कारण माझ्या वडिलांच्या वतीने ते लिहायचे आहे आणि त्यांना ते वाचून पाहायचे आहे.

वडील भूमी अभिलेख कार्यालयातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले. भावाभावांच्या बांधावर उभे राहून दोन्हीकडच्या शिव्या खाण्यात त्यांची हयात गेली. नॉटिंगहॅमला माझ्याकडे आल्यावर त्यांना लंडन नको होते, तुमचे गाव पाहायचे होते. इंग्लंडातली बहुतेक मोकळी शिवारे कधीच कुंपणांत गेली, त्यांतली बरीचशी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या कायद्यांनी. तुमच्याकडे मात्र वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड ही तिन्ही शिवारे अजून पट्ट्यांनी वाटून, पिकांची पाळी सांभाळून कसली जातात. मी एका सहल कंपनीकडे चौकशी केली, तेव्हा तिथे चिखलाशिवाय पाहण्यासारखे काहीच नाही असे सांगून त्यांनी मला एका उमरावाच्या वाड्याची तिकिटे घ्यायला सुचवले. चिखल होता हे खरे.

नोव्हेंबरअखेरच्या त्या दिवशी गावच्या कोर्ट लीटने, म्हणजे शिवाराचे नियम सांभाळणाऱ्या जुन्या गावन्यायालयाने, नेमलेली ज्यूरी (पंचमंडळी) गव्हाच्या शिवाराची पाहणी करत होती. सामाईक गवताच्या पट्टीत कोणी नांगर घुसवला असेल तर त्याला दंड होतो, हे तुम्ही सांगितलेत, तेव्हा वडील महिन्याभरात पहिल्यांदा मोठ्याने हसले. बांध कोरणारे इथेही निघाले होते! मार्क पिअर्सने 1635 साली तयार केलेला तुमच्या गावाचा नकाशा वडिलांनी आधीच इतका घोकला होता, की कोणते शिवार कुठल्या अंगाला हे त्यांनीच मला दाखवले. तुम्ही त्यांच्या मोजणीच्या साखळीची लांबी विचारलीत. तेहेतीस फूट, म्हणजे तेहेतीस फूट लांब-रुंद तुकड्याचा एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, असे त्यांनी सांगताच, आमची गुंटरसाहेबाची साखळी सहासष्ट फुटांची, म्हणजे तुम्हांला दुप्पट वाकावे लागले, असे तुम्ही म्हणालात. हुद्दा किंवा वय न विचारता त्यांच्या कामाची अशी बरोबरीने विचारपूस याआधी कोणी केल्याचे मला आठवत नाही. ज्या कार्यालयात त्यांची उमेद गेली तिथेही नाही.

पण हे पत्र त्यानंतरच्या क्षणासाठी आहे. हद्दीची नवी खुंटी रोवायची होती. तुम्ही मोगरी वडिलांच्या हाती दिलीत, गुडघा चिखलात टेकलात आणि खुंटी उघड्या हातांनी धरून बसलात. वडिलांचे हात अलीकडे कापतात. पहिला घाव खुंटीच्या कडेला घसरला आणि माझ्या तोंडून ‘अहो, जपून’ निघून गेले. तुम्ही हात काढला नाहीत; वर पाहिलेही नाहीत, जणू तीस वर्षे हाच माणूस तुमच्यासोबत खुंट्या रोवत आला होता. दुसरा घाव नीट बसला, तिसराही. अनोळखी म्हाताऱ्याच्या कापऱ्या हाताखाली स्वतःची बोटे शांतपणे ठेवणे मला तरी जमले नसते, आणि मी तर त्यांची मुलगी आहे.

उपटून काढलेली जुनी, कुजकी खुंटी तुम्ही त्यांना देऊ केलीत. ती आता साताऱ्याच्या घरी शोकेसमध्ये स्टीलच्या पेल्यांशेजारी आहे, आणि आल्यागेल्याला तिची हकीकत ऐकावीच लागते. वडिलांची एकच विनंती आहे: यंदा पट्टी कोरल्याबद्दल कोणाला किती दंड झाला, ते सवडीने अवश्य कळवावे.

आपली कृतज्ञ,
एका भूकरमापकाची मुलगी