इमारतीचे फोटो काढणाऱ्या लेकीस पत्र

सोलापूर

चि. सानिका हिस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले इंद्रभुवनचे फोटो नीट पाहिले. रंग छान आलेत, पण इमारत मागे कललेली दिसते. कॅमेरा वर उचलला की सेन्सर भिंतीला समांतर राहत नाही आणि उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे सरकतात. या कामात सगळे आधी प्रकाशाचं बोलतात. माझ्या मते आधी ओळंबा, मग प्रकाश. गवंड्याने ओळंब्यात बांधलेली भिंत तुझ्या फोटोत तिरकी दिसली, तर त्याच्या मेहनतीवर तो अन्याय आहे.

तेव्हा कॅमेरा पातळीत ठेव, वर बघायला लावू नकोस. मग किती मागे जायचं, हा साधा हिशेब आहे. 24 मिमीची लेन्स, फुल फ्रेम (म्हणजे 36×24 मिमीचा सेन्सर), कॅमेरा उभा आणि डोळ्याच्या उंचीवर, म्हणजे दीड मीटरवर. अशा वेळी जितकं अंतर, त्याच्या पाऊणपट उंची कॅमेऱ्याच्या वर दिसते. 15 मीटर उंच दर्शनी भागासाठी किमान 18 मीटर मागे उभं राहावं लागेल. खाली नुसता रस्ता येईल, तो नंतर काप. रस्ता अरुंद असेल तर शिफ्ट लेन्स, म्हणजे कॅमेरा न कलवता वर-खाली सरकवता येणारी लेन्स, लागतेच. 12 मिमी वर सरकवली की तोच माथा साधारण 11 मीटरवरून फ्रेममध्ये येतो. मात्र सगळी शिफ्ट वापरलीस की कडा मऊ पडतात, म्हणून लेन्सचं छिद्र एफ/11 वर ठेव. त्यापलीकडे बारीक छिद्र केलंस तर विवर्तनामुळे, म्हणजे छिद्राच्या कडेला प्रकाश पसरल्यामुळे, सगळंच चित्र मऊ होतं. संगणकावर रेषा सरळ करता येतात, पण तिथे वरचा भाग ताणला जातो, तपशील विरघळतात आणि दोन्ही बाजू कापाव्या लागतात. थोडी दुरुस्ती चालेल, सगळी भिस्त त्यावर नको. आणखी एक: फार उंच इमारतीच्या रेषा अगदी शंभर टक्के सरळ केल्या की माथा रुंदावल्यासारखा वाटतो. तिथे किंचित निमुळतेपण राहू दे.

आता ऊन. सोलापूर साधारण 17.7 अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेला सुमारे 49 अंशांवर असतो, म्हणजे दक्षिणमुखी दर्शनी भागाला दिवसभर ऊन मिळतं आणि उत्तरेच्या भिंतीला अजिबात नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य थेट डोक्यावर येतो. नंतर जुलै संपेपर्यंत दुपारी तो उत्तरेकडे असतो. उत्तरमुखी इमारत उन्हात हवी असेल तर हेच दिवस, पण भर दुपारी नाही. तेव्हा सज्जाच्या लांब सावल्या भिंतीवरून खाली ओघळतात आणि गिलाव्याचा प्रत्येक फुगवटा उठून दिसतो. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. आधी होकायंत्राने तोंड कुठे आहे ते बघ, मगच दिवस ठरव. उन्हाळ्यात लांबून मोठ्या लेन्सने टिपू नकोस. तापलेल्या डांबरावरची हवा थरथरते आणि तिपाई कितीही भक्कम असली तरी रेषा नागमोडी येतात.

भुईकोटाची काळी तटबंदी कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला फसवते. काळा दगडही करडाच दिसावा म्हणून तो फोटो उजळ करतो. दोन तृतीयांश ते एक स्टॉप कमी कर (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). चुन्याच्या पांढऱ्या भिंतीला नेमकं उलटं. किल्ल्यात तिपाई लावायची तर परवानगीचा अर्ज आधीच कर.

सिद्धेश्वर तलावात मंदिराचं प्रतिबिंब हवं असेल तर पहाटे जा, वारा सुटायच्या आत. संध्याकाळी दिवे आणि आकाश यांचा उजेड बरोबरीला येतो तो वेळ जेमतेम 10 ते 15 मिनिटं. सूर्यास्ताआधीच चौकट पक्की करून ठेव. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनक्षमता) 100 ठेवून दोन-दोन स्टॉपच्या अंतराने कमीजास्त उजेडाचे पाच फोटो घे, तिपाईला हात लावू नकोस. गड्ड्याच्या जत्रेच्या रोषणाईत एलईडी लुकलुकतात. वेगवान शटरला पट्टे पडतात, म्हणून अर्धा सेकंद किंवा जास्त ठेव.

तुला छायाचित्रकार लुसिअँ एर्वेचं काम बघायला सांगतो. 1949 मध्ये त्याने फ्रान्समध्ये मार्सेयला वास्तुकार ल कॉर्बुझिएच्या इमारतीचे एका दिवसात सुमारे 650 फोटो घेतले. ते पाहून ल कॉर्बुझिएने त्याला आपला छायाचित्रकार केलं आणि 1965 मध्ये ल कॉर्बुझिएचं निधन होईपर्यंत दोघांनी एकत्र काम केलं. चंदीगड आणि अहमदाबादही एर्वेने टिपलं. तो छोटे प्रिंट कात्रीने कापायचा, अगदी निर्दयपणे, आणि उरलेल्या तुकड्यात भिंतीवरची एक सावली किंवा जिन्याची एक कड राहायची. तुझ्या फोटोंत मला हेच कमी वाटलं. सगळी इमारत एकदम दाखवण्याचा हट्ट आहे. समोरून एक, कोपऱ्यातून एक, बाकी दहा तपशिलांचे असावेत.

बंद गिरणीची चिमणी टिपशील तेव्हा बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन छायाचित्रकार जोडप्याच्या कामाकडे बघ. ते ढगाळ दिवस निवडायचे, कारण कडक सावल्या आकार लपवतात. शिडीवर चढून वस्तूच्या मध्याच्या उंचीपर्यंत जायचे, मग वरखालच्या रेषा सारख्या राहतात. आपल्याकडे जुलै-ऑगस्टचं ढगाळ आभाळ त्याच कामाचं.

पैशांविषयी एवढंच. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक काम देणारा ठरतो. म्हणून कामाआधीच कागदावर लिहून घे: फोटो कशासाठी, किती वर्षांसाठी, आणि बांधकाम करणाऱ्या दुसऱ्या कंत्राटदाराला हवे असतील तर त्याने वेगळे पैसे द्यायचे. ओळखीच्या माणसाशीही लेखी कर, विशेषतः त्याच्याशी.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येशील तेव्हा आपण आधी कॅमेरा न घेता इंद्रभुवनभोवती फिरू, सकाळी एकदा आणि साडेतीनला एकदा. कोणती भिंत कधी उजळते ते वहीत लिहून ठेवू. आई विचारते, तिपाई रेल्वेत कशी आणशील?

तुझे,
बाबा