सर, तुमची 18 मीटर 90 सेंटीमीटरची तार

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, ठाऊक आहे. पण ज्यांच्या शाळेत तुमच्यासारखं धावण्याचं मैदान आखून देणारं कुणी नाही त्यांच्या तरी हाती पडावं, म्हणून उघडं लिहितो आहोत. शिवाय नुसतं 'खूप शिकवलंत' तुम्हाला चाललं नसतं. "आकडा सांगा," म्हणाला असता.

तर आकडे. आपल्या भागात 400 मीटरचा ट्रॅक असलेली शाळा शोधूनच काढावी लागते. तुम्ही 90 बाय 50 मीटरच्या जागेत 200 मीटरचा, चार लेनचा ट्रॅक बसवलात. आधी 40 मीटर लांब आणि 37 मीटर 80 सेंटीमीटर रुंद चौकोन. त्याचे दोन्ही कर्ण 55 मीटर 3 सेंटीमीटर भरेपर्यंत रेषा मारायच्या पांढऱ्या फक्कीच्या पोत्याला हात लावायचा नाही. मग रुंदीच्या बाजूच्या बरोबर मध्यावर खुंटी ठोकून 18.90 मीटरच्या तारेनं अर्धवर्तुळ, तसंच समोरच्या बाजूला. हिशेबानं त्रिज्या 19.10 येते, मग 20 सेंटीमीटर कुठं गेले, हे दरवर्षी कुणीतरी विचारायचंच. पळणारा रेषेवरून पळत नाही, रेषेच्या थोडा बाहेरून पळतो. आतली कड नुसती फक्कीची असेल तर अंतर रेषेपासून 20 सेंटीमीटरवर मोजायचं असतं.

घरात मासे धरायचा एवढा तंगूस पडलेला असताना मोजायला मात्र तुम्ही तो कधी आणला नाहीत. तंगूस ताणला की लांबतो. सुतळी दवानं भिजली की आखडते. म्हणून बांधकामावरची बाइंडिंगची तार, दोन्ही टोकांना पक्की कडी. त्रिज्या 10 सेंटीमीटरनं चुकली तर फेरीमागे 63 सेंटीमीटरचा फरक पडतो, आणि 1500 मीटरच्या साडेसात फेऱ्यांत जवळजवळ पाच मीटर. पाच मिनिटांत 1500 मारणाऱ्या पोराची ती एक सेकंदाची खोटी वेळ. आपल्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, 8 मिनिटं 11.20 सेकंदांत धावले आणि सुवर्ण 5 शतांशांनी हुकलं. त्यांच्या सरासरी वेगानं तेवढ्या वेळात अंतर कापलं जातं फक्त 30 सेंटीमीटर. तुमचा खुंटीवरचा हट्ट कुणाला विक्षिप्तपणा वाटला असेल तर हा हिशेब त्यांच्यासाठी.

लेन 1.22 मीटरची, आणि पूर्ण फेरी आपापल्या लेनमध्ये पळायची असेल तर प्रत्येक बाहेरच्या लेनची सुरुवातीची रेषा आतल्या लेनच्या 7.67 मीटर पुढे. मैदान लहान म्हणून हे अंतर निम्मं करणारे आजही भेटतात. वळण लहान असो की मोठं, हा फरक लेनच्या रुंदीवरच ठरतो.

शिट्टीची युक्ती अनेक शाळांनी उचलली आहे, पण अर्धवट. दर 50 मीटरवर एक, अशा चार काठ्या रोवायच्या आणि दर 10 सेकंदांनी शिट्टी. शिट्टी वाजताना पोरगं काठीपाशी असलं की फेरी 40 सेकंदांची, म्हणजे 1500 पाच मिनिटांत. लोक पहिल्या फेरीत पुढे गेलेल्याला शाबासकी देतात. तुम्ही त्याला हाताने खाली दाबल्याची खूण करायचात, "कामून घाई करायलास?" पहिल्या दोन फेऱ्यांत कमावलेले चार सेकंद पाचव्या-सहाव्या फेरीत दुपटीनं जातात.

पोरगं मागे पडण्याच्याही आधी तुम्ही ओळखायचात, आणि ती नजर माजलगावच्या धरणावर गळ टाकून बसता बसता तयार झाली होती, याबद्दल आमच्यात दुमत नाही. रोहूसाठी कणीक आणि शेंगदाण्याची पेंड मळताना चिमूटभर कापसाचे धागे घालायचे, नाहीतर गोळा पाण्यात विरघळतो आणि माणूस रिकाम्या गळावर तासभर बसतो. मोरपिसाच्या काडीचा तरंगा असा बांधायचा की आमिष तळाला जेमतेम टेकेल. काडी टुकटुक हलली तर चिल्लर मासे. हात बांधून बसायचं. काडी आडवी पडली किंवा तिरकी सरकू लागली की मनगटानं झटका, खांद्यानं नाही. पावसाळ्यात माशांना गाभोळी असते म्हणून गळ डबीत बंद. ट्रॅकवरही तसंच: घड्याळात वेळ घसरण्याआधी खांदे कानाकडे चढतात, मुठी आवळतात, पावलांचा आवाज जड होतो. तिथेच तुम्ही फेरी थांबवायचात.

दुखण्यांबद्दल तुम्ही फार बोलत नव्हता, पण नडगीचं ठाम होतं. बोटानं दाबून बघायचं. दुखणं नडगीच्या कडेनं वीतभर पसरलेलं असेल तर अंतर निम्मं, डांबरी रस्ता बंद, बुटांचे तळ तपासा. एकाच ठिकाणी रुपयाएवढं दुखत असेल आणि रात्रीही ठणकत असेल तर पळणं त्याच दिवशी बंद आणि दवाखाना. सुरुवातीच्या एक्स-रेत बारीक तडा दिसेलच असं नाही, म्हणून 'काही नाही' ऐकून परत यायचं नाही. काळ्या मातीच्या भेगांत घोटे मुरगळतात म्हणून उन्हाळ्यात चाळलेला मुरूम, संध्याकाळी पाणी, सकाळी रोलर. चिखल असताना फिरवला तर मुरूम रोलरलाच चिकटतो, कोरडा असताना बसतच नाही. होळीनंतर सराव सकाळी सातच्या आत संपवायचा. पिण्याच्या पाण्याच्या बादलीत लिटरमागे चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मुलींना जेवणावर लगेच चहा नाही, कारण अन्नातलं लोह अंगी लागत नाही. त्याऐवजी भाजीवर लिंबू. ही शेवटची गोष्ट तुम्ही घरोघरी जाऊन आयांना सांगितलीत, याचे आभार मुलींनी वेगळे मानायला सांगितले आहेत.

यंदाही मैदान आखून झालं. कर्ण दुसऱ्या खेपेला जुळले. तार क्रीडा साहित्याच्या खोलीत दारामागच्या खिळ्याला आहे, गंजू नये म्हणून तेलाचा हात दिला आहे.

आपले,
फक्की मारणारे सगळे