तयार वर्गखोल्या आणि काळी माती

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आमच्या तालुक्यात पडक्या शाळांच्या जागी कारखान्यात बनवलेल्या पटलांच्या (भिंती-छताच्या तयार सपाट तुकड्यांच्या) वर्गखोल्या उभारण्याचे घाटत असून, 'पत्र्याचे खोके' म्हणून गावोगावी त्यांची टिंगल सुरू झाली आहे. वास्तविक सुटे भाग घडवून ते जागेवर जोडण्याची रीत आपल्याला परकी नाही. जुना वाडा उतरवला की त्याचे सागवानी खांब, तुळया आणि चौकटी दुसऱ्या घराला लागतात, हे वैदर्भीयांना सांगायला नको. मुंबईच्या वॉटसन्स हॉटेलचा लोखंडी सांगाडा तर १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने आणला होता.

माझी हरकत वेगळीच आहे. जोसेफ पॅक्स्टन यांचा लंडनमधील 'क्रिस्टल पॅलेस' (१८५१) हा तयार लोखंडी भाग आणि काचा जोडून केलेला प्रदर्शन-महाल वर्षभराच्या आत उभा राहिला, हे सगळे सांगतात. त्या काचघरातील उकाडा कमी करण्यासाठी छपरावर कापड पसरावे लागले, हे सहसा कोणी सांगत नाही. आणि तेही लंडनच्या उन्हात! आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्येच शाळा सकाळची करावी लागते, तेव्हा छताच्या पटलातील उष्णतारोधक थर किती जाडीचा असेल, हे निविदेतच नमूद हवे. स्वातंत्र्यानंतर लगेच निर्वासितांच्या घरांसाठी दिल्लीत निघालेल्या सरकारी कारखान्याचा अनुभवही विसरू नये. वास्तुविशारद ओटो कोनिग्सबर्गर यांच्या त्या योजनेत काँक्रीटची पटले ने-आण करतानाच तडकू लागली, सांधे जमेनात आणि योजना गुंडाळावी लागली.

सर्वांत मोठा प्रश्न पायाचा आहे. आमच्या रस्त्यांकडेची रेडिमेड कंपाउंडे पाहावीत: पावसाळ्यात काळी माती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, खांब कलतात आणि खाचेत बसवलेल्या फरशा एका बाजूने निसटून खाली येतात. या मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगीर असलेल्या खोल खांबांचा पाया कधीच विकसित केला आहे. पण खोली आठवड्यात उभी करण्याच्या घाईत मुरूम टाकून वर ओटा ओतला, की काम झाले असे मानण्याकडेच कंत्राटदारांचा कल असतो.

म्हणून काम देण्यापूर्वी माती परीक्षणाचा अहवाल ग्रामसभेपुढे ठेवावा आणि पटल फुटल्यास त्याच मापाचे दुसरे पटल किती वर्षे मिळेल, हे कंत्राटदाराकडून लेखी घ्यावे.

आपला,
एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा